गाण्याचा पोटभाडेकरू

रामनवमीला दुपारी बरोबर बाराच्या सुमारास आमच्या टेपरेकॉर्डरने गीतरामायणाची कॅसेट खाल्ली. 'खाल्ली' हा शब्द ज्यांना लगेच कळला त्यांनी आपली साखर तपासून घ्यावी, वय झालेलं आहे. ज्यांना कळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी बाबूजींचा आवाज किंचित जाडा झाला. मग त्यांना सर्दी झाल्यासारखी वाटली. मग एक लांबलचक हंबरडा, आणि मग सगळं शांत. झाकण उघडून पाहिलं तर आत तपकिरी रंगाच्या कुरडया घातलेल्या. राम अजून अयोध्येच्या बाहेरसुद्धा पडला नव्हता.

"टाका हो आता ते," ही म्हणाली. "मोबाइलवर आहे की सगळं."

"मोबाइलवरचं ते मोबाइलचं. हे आपलं आहे. विकत घेतलंय."

"किती वेळा?"

या प्रश्नावर माझाही आवाज कॅसेटसारखा जाडा झाला. कारण हिशेब सरळ होता. पहिल्यांदा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रेकॉर्डींचा संच घेतला. पुढे प्लेअरची सुई मिळेनाशी झाली, तेव्हा १९८६ साली मी नोकरीतल्या पहिल्या बोनसातून कॅसेट घेतल्या. मग सीडी आल्या. दुकानदार म्हणाला, 'साहेब, ही चीज नातवंडांपर्यंत जाते.' ती भाच्याच्या कॅरमच्या पावडरीपर्यंत गेली. मग एका संकेतस्थळावर पैसे भरून मी तीच गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली; ते दुकान पुढे बंद पडलं आणि जाताना फायलींची किल्ली बरोबर घेऊन गेलं. फायली अजून माझ्याकडे आहेत, फक्त वाजत नाहीत. आणि शेवटी मुलाने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ५००० गाणी आत भरलेला तो जुन्या रेडिओच्या तोंडवळ्याचा कारवां दिला. एकूण पाच खरेद्या. एवढ्या पैशांत भरताने पादुका ठेवून अयोध्या आणखी वर्षभर चालवली असती.

तर ठरलं. आता सहावी खरेदी नाही. घरातल्या सगळ्या कॅसेटी आणि सीडी कॉम्प्युटरवर उतरवायच्या, त्याच्या दोन प्रती काढायच्या आणि निवांत मरायचं.

हा माझा स्वभावच आहे. बँकेत ३४ वर्षं काढलेल्या माणसाचा 'मूळ प्रत' या गोष्टीवर विश्वास राहत नाही. आमच्याकडे मूळ प्रत ही झेरॉक्स काढण्यापुरती असते. तेवढं झालं की ती कपाटात जाते आणि पुन्हा सापडत नाही. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या अकरा प्रती आहेत, त्यातल्या सात साक्षांकित. गेल्या चाळीस-बेचाळीस वर्षांत ती मला कोणी मागितलेली नाही. पण मागितली तर?

कॅसेटी मोजल्या. २१४ निघाल्या. सीडी ६०. पहिल्याच दिवशी एक भयंकर सत्य लक्षात आलं: तासाभराची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला एक तासच लागतो. भीमसेनजींना घाई करता येत नाही. २१४ कॅसेटी म्हणजे २१४ तास, आणि तेवढा वेळ घरातल्या माणसांनी गप्प बसायचं. कारण सुरुवातीला मी टेपरेकॉर्डरसमोर मोबाइल आडवा ठेवून काम भागवायला बघितलं. पहिल्या कॅसेटमध्ये दरबारी कानड्याच्या आलापीत भंगारवाला आला. दुसरीत सोसायटीचा वॉचमन, 'उद्या पाणी येणार नाही' असं प्रत्येक मजल्यावर वेगळ्या स्वरात सांगणारा. तिसरीत हिच्या बहिणीचा फोन. त्यात माझा उल्लेख तीनदा आहे आणि एकदाही नावाने नाही. मग मुलाने वायर पाठवली. तिचं एक टोक टेपमध्ये, एक कॉम्प्युटरमध्ये. पुढे सगळं सुरळीत झालं असतं.

पण मी वाचक माणूस. पेन्सिल घालून कॅसेटची गुंडाळी फिरवताना दुसऱ्या हाताला काम नव्हतं, म्हणून डबीतला कागद काढून वाचायला घेतला. गाण्यांची नावं, वादकांची नावं आणि तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एक ओळ. ३७-३८ वर्षांत ती मी वाचलेली नव्हती. भिंग आणलं. सर्व हक्क राखीव. परवानगीशिवाय नक्कल करणं, भाड्याने देणं, उसनं देणं, जाहीर ठिकाणी वाजवणं आणि प्रसारित करणं, सगळ्याला मनाई.

माझ्या हातातून पेन्सिल गळली. नक्कल तर मी आत्ता करतच होतो. उसनी? याच कॅसेटी वाड्यातल्या सात बिऱ्हाडांत फिरून आलेल्या. जाहीर ठिकाणी? आमच्या वाड्यात खासगी ठिकाण असं फक्त एकच होतं आणि त्यालाही रांग असायची. एका घरात लागलेलं गाणं सगळ्यांनाच लागायचं. शिवाय गणपतीत आम्ही कॅसेटी मंडळाला द्यायचो. म्हणजे एका कागदावरच्या पाच गुन्ह्यांपैकी तीन माझ्या नावावर, आणि प्रसारणाचा केवळ ट्रान्समीटर परवडत नव्हता म्हणून राहिलेला.

रात्री झोप नाही. सकाळी दुधाची पिशवी घ्यायच्या निमित्ताने खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे गेलो.

वकीलसाहेब निवृत्त आहेत. आयुष्यभर त्यांनी घरमालक-भाडेकरूंचे दावे चालवले, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीत त्यांना एक मालक दिसतो आणि एक न निघणारा भाडेकरू. आमच्या जिन्यातल्या कबुतरांबद्दलही त्यांचं मत 'ताबा सिद्ध आहे' असंच आहे. त्यांनी कॅसेट हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली.

"हे कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं."

"काय तुमचं?"

"कॅसेट."

"डबी तुमची. आतली फीत तुमची. गाणं?"

"तेही... पैसे मोजलेत साहेब. पावती आहे." पावतीच्या दोन झेरॉक्सही होत्या, पण ते बोललो नाही.

"हे बघा, जागा तुमची आहे. आत राहतोय तो दुसऱ्याचा माणूस. तो तुमच्याकडे राहील, तुम्हाला गाऊन दाखवील. पण तुम्ही त्याला दुसऱ्या जागेत नेऊन ठेवायचा म्हणालात, तर त्याच्या मालकाला विचारावं लागेल. आणि उसनं देणं म्हणजे सरळसरळ पोटभाडेकरू!"

"मालक कोण?"

वकीलसाहेबांचा चेहरा खुलला. एवढा चांगला दावा त्यांना निवृत्तीनंतर मिळाला नव्हता. त्यांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा काढला. म्हणाले, "एक नाही, तीन. गाण्याचे शब्द ही एक मिळकत, चाल ही दुसरी, आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. एकाच प्लॉटवर तीन सातबारे."

मग आम्ही बसून गीतरामायणाच्या मुदती काढल्या. शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. गदिमा गेले १९७७ साली, म्हणजे शब्द मोकळे होणार २०३७ संपल्यावर. बाबूजी गेले २००२ साली, म्हणजे चाल मोकळी होणार १ जानेवारी २०६३ रोजी. ध्वनिमुद्रणाचं वेगळंच, ते ज्या साली बाजारात आलं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६०. म्हणजे मधल्या २५ वर्षांत मला हे काव्य नुसतं वाचून दाखवता येईल, चाल लावायची नाही. २०६३ साली मी शंभरीत असेन. चालीचा हक्क संपेल आणि कान माझे आधीच संपलेले असतील.

"पण मला कुठे बाजारात विकायचंय?" मी म्हणालो. "माझ्यापुरती एक प्रत. कॅसेट खराब झाली तर असावी म्हणून."

"त्याला कलम ५२," असं म्हणून त्यांनी चष्मा बदलला. जवळचा काढून अधिक जवळचा लावला. "कॉम्प्युटर प्रोग्रॅम असेल तर कायदाच म्हणतो की हरवू नये, नष्ट होऊ नये, खराब होऊ नये म्हणून तात्पुरतं संरक्षण असावं यासाठी प्रत काढा."

"म्हणजे नातवाच्या गाडी पळवायच्या खेळाची प्रत काढलेली चालेल?"

"रीतसर घेतलेला असेल तर चालेल."

"आणि भीमसेनजींची?"

"तिथे 'बॅकअप' हा शब्द नाही. तिथे आहे खासगी किंवा वैयक्तिक वापर, आणि तोही रास्त असला पाहिजे. शिवाय १९८६ ची गोष्ट विचाराल तर तेव्हा या पोटकलमात साहित्य, नाट्य, संगीत आणि कला एवढ्यांचीच नावं होती. संगीत म्हणजे चाल. ध्वनिमुद्रणाचं नाव त्यात नव्हतं. ते आत आलं २०१२ च्या दुरुस्तीत. तेव्हा 'कोणतीही कृती' असे शब्द घातले."

"म्हणजे २०१२ पर्यंत मला घरात चालीची नक्कल करता येत होती, टेपची नाही?"

"तसंच काहीसं."

"मी तोंडाने म्हटलं असतं तर चाललं असतं?"

"या कायद्याने चाललं असतं," वकीलसाहेब म्हणाले. माझी जमीन आणि त्यांचं छत एकच आहे. "तुमच्या म्हणण्याला वेगळं कलम लागतं."

आता २०१२ नंतर सगळे वैयक्तिक वापरात बसलो असं समजून मी उठणार, तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं. वापर वैयक्तिक असून भागत नाही, रास्त हवा. रास्त म्हणजे काय, हे कायदा कुठेही सांगत नाही.

"मग कोण सांगतं?"

"न्यायाधीश."

"कधी?"

"तुमच्यावर खटला झाला की."

मला पुणे स्टेशनवरच्या रिक्षा आठवल्या. तिथेही भाडं रास्तच असतं आणि किती ते उतरताना कळतं.

शिक्षेचं मी विचारायला नको होतं. पण बँकेतल्या माणसाला दंडाचा कॉलम वाचल्याशिवाय चैन पडत नाही. सहा महिने ते तीन वर्षं, आणि ५० हजार ते दोन लाख रुपये. धंदा म्हणून केलं नसेल तर न्यायालय कमी करू शकतं, असं ते पुढे म्हणाले. पण तोपर्यंत मी मनाने येरवड्याला पोचलेलो होतो. शेजारच्या कोठडीत एक दरोडेखोर. तो विचारतोय, 'काका, काय केलंत?' मी मान खाली घालून सांगतोय, 'अभंगवाणी, दोन्ही बाजू.'

खरं तर एवढा घाबरायचा मला नैतिक अधिकारच नव्हता. माझं सगळं तारुण्य ज्या दुकानासमोर गेलं त्या दुकानाचं कामच नकला करण्याचं होतं. फुलस्केप कागदावर आवडत्या गाण्यांची यादी करायची, कोरी कॅसेट आणि यादी दुकानात द्यायची, आठ दिवसांनी भरून न्यायची. दुकानावर ठळक अक्षरांत 'येथे कॅसेट भरून मिळतील' असं लिहिलेलं असायचं. 'येथे पीठ दळून मिळेल' इतक्याच निरागसपणे. समोर पोलीस चौकी होती. फौजदारसाहेबांची यादी आमच्या आधी भरली जायची आणि त्यात मुकेश फार असायचा.

त्या दुकानदाराने आमच्या पिढीची जी संगीतविषयक हानी केली तिला कुठलंच कलम पुरणार नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं. त्यात सात गाणी पूर्ण आणि आठवं अर्धं बसवायची त्याची पद्धत. आठवं गाणं दुसऱ्या कडव्याच्या तोंडावर 'खट्' करून संपायचं. माझ्या आयुष्यातली तीसेक उत्तम गाणी अशी 'खट्'वर संपलेली आहेत. परवा एका लग्नात गायकाने त्यातलं एक गाणं सुरू केलं. दुसऱ्या कडव्यापाशी मी सवयीने उठलो आणि कॅसेट उलटी करायला भिंतीकडे चालू लागलो. लोकांना वाटलं मी जेवायला निघालो. माझ्यामागे पन्नास माणसं उठली.

इंग्लंडातल्या ध्वनिमुद्रिकावाल्यांनी १९८१ च्या सुमारास यावर मोठी मोहीमच काढली होती. कवटीच्या जागी कॅसेट, खाली दोन हाडं, आणि घोषणा अशी की घरी टेप करणं संगीताचा जीव घेतंय. प्रत्यक्षात संगीत धडधाकट राहिलं. टेपच गेली.

इंग्लंडचा विषय निघाला, कारण त्याच आठवड्यात मेव्हण्याचा फोन आला. तो लंडनजवळ राहतो. वीस वर्षांत त्याला दोनच गोष्टींची सवय झालेली नाही: तिकडचा पाऊस आणि पुण्याहून वस्तू न मागवणं.

"भाऊजी, डिसेंबरात येतोय. ताई म्हणाली तुम्ही सगळं उतरवताय. माझ्यासाठी एका पेनड्राइव्हवर घालून ठेवा ना."

मी पोटभाडेकरूचं कलम सांगितलं. तो खो खो हसला आणि म्हणाला, तुमचं बरं आहे. त्यांच्याकडे विकत घेतलेली सीडी स्वतःच्या आयपॉडवर घेणंसुद्धा बेकायदा होतं. सगळा देश ते करत होता आणि सगळा देश गुन्हेगार होता. मग सरकारने १ ऑक्टोबर २०१४ पासून स्वतःपुरती प्रत काढायला परवानगी दिली. संगीतकारांच्या संघटना कोर्टात गेल्या. म्हणाल्या, प्रत्येकाने एक प्रत काढली तर आमचं नुकसान होतं, ते होत नाही याचा पुरावा सरकारने पुरेसा दिलेला नाही, आणि भरपाईही ठेवलेली नाही. जुलै २०१५ मध्ये हायकोर्टाने ती परवानगी रद्द केली.

"म्हणजे कायदा किती दिवस टिकला?"

"साडेनऊ महिने."

बाळंतपणाला लागतो तेवढाच वेळ. मेव्हण्याला त्याही काळाची हळहळ नव्हती, कारण परवानगी होती तेव्हा त्याने आळसाने एकही सीडी उतरवली नाही. रद्द झाल्यावर एका रविवारी बसून सगळ्या उतरवल्या. जर्मन लोक शहाणे. त्यांनी १९६५ पासूनच ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्राच्या किमतीत कलावंतांसाठी आकार धरला. माणूस टेप घेणार म्हणजे नक्कल करणारच, तेव्हा प्रायश्चित्त आगाऊ भरून घ्या आणि पाप मनमोकळेपणाने करू द्या. आपल्याकडे गंगेवर हीच व्यवस्था आहे, फक्त पावती मिळत नाही.

फोन ठेवल्यावर आमच्या घरात मतभेद झाले. हिचं म्हणणं, एकदा पैसे दिले की विषय संपला. माझं म्हणणं, ज्याने चाल बांधली त्याचा हक्क दर वेळी असतो. साठच्या दशकात याच मुद्द्यावरून लताबाई आणि रफीसाहेब यांच्यात बिनसलं होतं. लताबाईंना गायकांसाठी रॉयल्टी हवी होती. रफीसाहेब म्हणायचे, मानधन मिळालं की आपलं काम संपलं. काही काळ दोघं एकत्र गायले नाहीत. आमचं दोन दिवसच बिनसलं, पण त्यात स्वयंपाक होता.

तिसऱ्या दिवशी पिठलं-भात झाला आणि मी रास्त वापराच्या भरवशावर पुन्हा कामाला लागलो. आता सीडी. हे काम झटपट होतं, चार-पाच मिनिटांत एक. फक्त फायलींची नावं कॉम्प्युटर आपली आपण शोधतो आणि तो कसा शोधतो तर गाण्यांची लांबी बघून. पाच गाणी, पहिलं अमुक मिनिटांचं, दुसरं तमुक, म्हणजे ही अमकी सीडी. या न्यायाने आमची मराठी नाट्यगीतं नॉर्वेतल्या कुठल्याशा आरडाओरडा करणाऱ्या मंडळींच्या नावावर जमा झाली. वर चित्र एका शिंगवाल्या माणसाचं. ज्या सीडींना जगात कोणीच ओळखलं नाही, त्यांच्या फायलींना 'ट्रॅक ०१' असं नाव मिळालं. माझ्याकडे सध्या ३८ 'ट्रॅक ०१' आहेत. एकात मालिनीताई आहेत, एकात दादा कोंडके. पहाटे ललत लावायला गेलो तर कोण भेटेल सांगता येत नाही, म्हणून आम्ही पहाटे लावत नाही.

सगळं एका हार्ड डिस्कवर घेतलं. तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर. घराला आग लागली तर? म्हणून दुसरी डिस्क घराबाहेर हवी. ती घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो.

"ही तुमच्याकडे ठेवली तर उसनं दिल्यासारखं होईल का हो?"

त्यांनी बराच विचार केला. "सामान ठेवायला दिलं तर चालेल. नांदायला नाही."

"म्हणजे तुम्ही ऐकायचं नाही."

"मी ऐकणार नाही. पण त्यात वसंतराव आहेत का?"

"आहेत."

"कुठल्या फोल्डरमध्ये? म्हणजे, तो मी उघडायला नको."

मग त्यांनीच मला मोबाइलवरच्या गाण्यांचं खरं स्वरूप समजावलं. महिन्याचे पैसे भरून आपण जे ऐकतो ते लिव्ह अँड लायसन्स. अकरा महिन्यांचा करारसुद्धा नाही, महिन्याचा. मालकाचं आणि कंपनीचं फाटलं की एका सकाळी गाणं करड्या अक्षरांत दिसतं आणि वाजत नाही. ना नोटीस, ना मुदत. "आमच्या काळी असं भाडेकरूला बाहेर काढायला पंचवीस वर्षं लागायची!" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं. फी बुडाल्याचं असावं.

या हिशेबाने माझ्या डिस्कवरची गाणी निदान माझ्या छपराखाली तरी होती. मी खुशीत उरलेल्या कॅसेटी संपवायला घेतल्या, आणि ११३ व्या कॅसेटपाशी अडलो.

वरून ती दुकानातून घेतलेली अस्सल नाट्यगीतांची कॅसेट. विकत घेतलेल्या कॅसेटला वरच्या कडेचे दोन पापुद्रे तोडलेले असतात, तिच्यावर दुसरं काही टेप होऊ नये म्हणून. पण तिथे चिकटपट्टी लावली की होतं, ही विद्या प्रत्येक घरातल्या एका तरी मुलाला अवगत असायची. आमच्याकडे धाकट्या बहिणीला होती. मी बटण दाबलं. तंबोरा लागला, पेटीने सूर धरला, आणि 'खट्'. पाठोपाठ: "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो! आज मी तुम्हाला लोकमान्य टिळकांविषयी चार शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांत चित्ताने ऐकावेत अशी माझी नम्र विनंती."

इयत्ता चौथी, वक्तृत्व स्पर्धेची तयारी. शेंगांच्या टरफलांपाशी ती अडते, पुन्हा सुरुवातीपासून म्हणते, पुन्हा टरफलांपाशी अडते. चौथ्या वेळी मागून अण्णांचा खोकला ऐकू येतो. त्यांचा तो खास खोकला, दोन लहान आणि एक मोठा. मग अण्णा पुढचं वाक्य सांगतात. मग कुकरची शिट्टी. मग आई म्हणते, "तिला जेवू दे आधी, टिळक कुठे जात नाहीत."

अण्णांना जाऊन १९ वर्षं झाली. गीतरामायण पाच दुकानांत मिळालं. हे कुठेच मिळणार नाही. मी त्याच्या लगेच चार प्रती काढल्या. मग नेहमीप्रमाणे शंका आली आणि खाली गेलो.

वकीलसाहेबांनी पूर्ण बाजू ऐकली. ऐकून झाल्यावर डोळे पुसले आणि कायदा उघडला.

"भाषण कोणी लिहिलं?"

"अण्णांनी."

"म्हणजे साहित्यकृती. हक्क वारसांचा. वारस कोण?"

"मी आणि बहीण."

"सादर कोणी केलं?"

"बहिणीने."

"खोकला अण्णांचा. तो सादरीकरणात धरायचा की कसं, हा मुद्दा उपस्थित होऊ शकतो. तुम्ही असं करा, बहिणीची एनओसी घ्या."

बहीण आता नाशिकला एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. तिला फोनवर सगळं वाजवून दाखवलं. खोकल्यापाशी ती गप्प झाली. कुकरच्या शिट्टीला हसली. मग म्हणाली, "अण्णांचा आवाज तेवढा कापून मला पाठव. बाकीचं पुसून टाक."

"अगं, का?"

"मी टरफलांना चार वेळा अडलेय, दादा. माझ्या शाळेतल्या मुलांच्या हाती लागलं तर? एनओसी मिळणार नाही."

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी एका हक्कधारकाला रीतसर परवानगी मागितली आणि ती साफ नाकारली गेली. त्या भाषणाच्या आजमितीला माझ्याकडे चार प्रती आहेत. पाचवी वकीलसाहेब काल पेनड्राइव्हवर घेऊन गेले. मी कलम विचारलं, तर म्हणाले, वैयक्तिक वापरात संशोधनही येतं.